एकोणचाळीस गुणांची मुलगी

४ जून

प्रिय मावशी,

सा. न. गेल्या आठवड्यात तुझ्या प्रकाशकांचा फोन आला होता. 'चिमटी'च्या पहिल्या पुस्तकाला चाळीस वर्षं होतात म्हणून सप्टेंबरात नवी आवृत्ती निघते आहे, आणि तिला एखाद्या बालमानसतज्ज्ञाची प्रस्तावना हवी आहे. मी तुझी सख्खी भाची आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तुझ्या सहीशिवाय प्रस्तावना छापायची नाही असं तुमचं ठरलेलं आहे म्हणे, म्हणून मसुदा सोबत पाठवते.

आमची भाषा तुला आवडत नाही, तेव्हा सोप्या शब्दांत सांगते. आमच्या दवाखान्यात एक तक्ता वापरतात. वाईट प्रसंगानंतर मूल किती तग धरतं ते चाळीस प्रश्न घालून मोजायचं. हा तक्ता मी चिमटीला लावला. त्यासाठी तिसरं प्रकरण घेतलं. वसतिगृहातली नऊ वर्षांची चिमटी रविवारी दुपारी कपडे वाळवायच्या खोलीत चुकून कोंडली जाते. तीन तास आत असते. रडत नाही. चादरींचा तंबू करते, भिंतीलगतच्या गरम पाण्याच्या नळ्यांवर ताल धरते, आणि दार उघडल्यावर म्हणते, "आत फार छान ऊब होती." चाळीसपैकी एकोणचाळीस गुण पडले. मदत मागत नाही, म्हणून एक गेला.

शेवटी मी लिहिलं आहे की लेखिका स्वतः लहानपणी आईविना वसतिगृहात वाढली, अशाच खोलीत कोंडली गेली, आणि त्या जखमेचं तिने मुलांसाठी औषध केलं. हे तुला मान्य असेल असं धरून चालते. महिनाअखेरपर्यंत सही करून पाठव.

तुझी,
भाची

११ जून

डॉक्टरीणबाईंस,

अनेक आशीर्वाद. मसुदा वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की तू चेष्टा करते आहेस.

तू चिमटीला कुठल्या खुर्चीत बसवलंस? चाळीस प्रश्न विचारलेस तेव्हा ती पाय हलवत होती की नखं खात होती? आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर हस्ताक्षराचे गुण कापायच्या तेव्हा निदान समोर वही असायची आणि वही लिहिणारं पोर उभं असायचं. तू शाईच्या बाहुलीला तपासलंस आणि वर तिचा एक गुण खाल्लास. तुमच्या विद्येत जिवंत मुलं कमी पडायला लागली का?

'तग धरणे.' आमच्या वेळी याला मुकाट्याने बसणे म्हणत आणि त्यासाठी कुणी तक्ता छापत नसे. पन्नास मुली एका ओळीत पहाटेच्या गार पाण्याने तोंड धुवायच्या. कांजी घातलेले पांढरे पिनाफोर, लाकडी जिन्याला मेणाचा वास, खालून कुणाच्या तरी पियानोच्या धड्यातली तीच चुकलेली ओळ. यातलं तुझ्या मसुद्यात काय आहे? 'संस्थात्मक संगोपन'. एवढी मोठी इमारत तू दोन शब्दांत पाडलीस.

आणि शेवटचा परिच्छेद तर धादांत खोटा आहे. चिमटी म्हणजे मी नव्हे. मी त्या खोलीत कधी कोंडली गेले नाही. आत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. मला ती खोली बाहेरूनच माहीत आहे, दार आणि कडी एवढीच. तेव्हा जखम आणि औषध दोन्ही आपल्याजवळ ठेव.

सही करणार नाही.

मावशी

२० जून

प्रिय मावशी,

तुझं पत्र आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "लिहितात मात्र छान." मीही तेच म्हणते. तू छान लिहितेस, आणि त्यामुळेच तुला कुणी काही विचारत नाही.

आता मी विचारते. गेल्या गुरुवारी माझ्याकडे एक आठ वर्षांची मुलगी आली. उकळतं पाणी सांडून हात भाजलेला. पट्टी चिकटली होती, ती सोडवताना मोठा माणूस ओरडला असता. ही हूं की चूं करेना. ओठ पांढरे पडलेले. नर्सबाई म्हणाल्या, "अगं रड की, इथे कुणी रागावत नाही." तर म्हणाली, "चिमटी रडत नाही." तिच्या आईने कौतुकाने पिशवीतून पुस्तक काढून दाखवलं. तुझी सही होती त्यावर.

मी घरी येऊन सातही पुस्तकं पुन्हा वाचली. सात पुस्तकांत ते पोर एकदाही रडत नाही, मावशी. आई मरते तेव्हा नाही, पाय मोडतो तेव्हा नाही. मीच मूर्ख, की याला तग म्हटलं. याला आम्ही गोठणं म्हणतो. तू चाळीस वर्षं एक आजारी मुलगी शहाणी म्हणून विकलीस आणि लोकांनी आपल्या मुलांना ती वाढदिवसाला दिली. मी प्रस्तावना नव्याने लिहिते आहे. त्यात हेच असेल. तू सही केली नाहीस तर दुसरीकडे छापीन.

एक गोष्ट राहिली. तू म्हणतेस की खोली तुला बाहेरून माहीत आहे. मग आत कोण होतं? आमच्या घरात तुझं एकही पुस्तक कधी आलं नाही. मी शेजारच्या मैत्रिणीकडे बसून चोरून वाचली. मला वाटायचं आईला तुझा मत्सर वाटतो. आता वेगळी शंका येते. रविवारी आईकडे जाणार आहे, तेव्हा तिलाच विचारीन.

भाची

२३ जून

बाळ,

आईला विचारू नकोस.

तुझा पहिला मसुदा मला मान्य आहे. तो पुन्हा वाचला, तितका वाईट नाही. मी चिडले होते, म्हातारपणी चीड लवकर येते. मी कोंडली गेले होते असंच छाप. सहीचं पान सोबत जोडलं आहे. हवं तर तो राहिलेला एक गुणही देऊन टाक, चाळीसपैकी चाळीस कर.

तिला त्या शाळेचं काही आठवत नाही. फार लहान होती. उगाच जुनं उकरू नकोस, तिचं ब्लडप्रेशर आहे.

मावशी

२ जुलै

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळालं, पण उशिरा. मी विचारून बसले होते.

आई मशीनवर होती. कुणाचे तरी बारा पडदे घेतले आहेत शिवायला, त्रेसष्टाव्या वर्षी. मी म्हटलं, "आई, वसतिगृहात तुला कधी कोंडलं होतं का?" मशीन थांबलं नाही. म्हणाली, "कोण म्हणतं?" मी म्हटलं, मावशीच्या पुस्तकात आहे. मग मात्र पाय थांबला. हसली. ते हसणं मी आजवर ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही.

मी सवयीने विचारलं, तेव्हा किती भीती वाटली ते एक ते पाच आकड्यांत सांग. आई म्हणाली, "ऊठ, आणि सुईत दोरा ओव. मला दिसत नाही." मी दोरा ओवला. मग म्हणाली, "ताईला मीच लिहीन. टेबलाच्या खणात पाकीट असेल, ते काढून ठेव."

मला तिने काही सांगितलेलं नाही. सहीचं पान परत पाठवते. ज्या माणसाला प्रस्तावनेतला एकेक शब्द खुपत होता, तो तीन दिवसांत शेपूट घालतो तेव्हा त्याची सही माझ्या काय कामाची?

भाची

५ जुलै

ताई,

नमस्कार. तुला पत्र लिहायची सवय नाही. आपण दिवाणखान्यात बसून हवापाण्याचं बोलणाऱ्या बहिणी. तेव्हा चुका निघतील, त्या सुधारून घे. सुधारायची तुला हौस आहेच.

माझी लेक सारखी विचारते की ती मुलगी रडली का नाही. तुमच्या दोघींचं चाळीस पानांचं भांडण त्याच्यावरच चाललंय म्हणे. तू म्हणतेस शूर होती म्हणून. ती म्हणते आधी शूर होती, मग आजारी. दोघी शिकलेल्या. एकीलाही सुचलं नाही की मुलीला विचारावं.

मी रडले नाही कारण तू सांगितलं होतंस, आवाज करू नकोस.

एवढंच आहे ते. तू म्हणालीस, आज बाबांबरोबर लपाछपी खेळायची. राज्य बाबांवर. तू आत चादरींच्या मागे बस, मी त्यांना घेऊन येते, आणि ते दार उघडेपर्यंत हूं करायचं नाही, नाहीतर डाव मोडतो. मी सहा वर्षांची होते. मी कोंडलेली नव्हतेच, ताई. मी खेळत होते. मला फार मजा येत होती. बाबा आता येतील, मग येतील. बाहेर पावलं वाजली की मी तोंडावर हात दाबून हसायची. तंबूबिंबू काही केला नाही. चादर हलली तर कळेल ना त्यांना.

आणि मला शू झाली. ते तू लिहिलं नाहीस. तुझ्या चिमटीला तीन तासांत एकदाही शू लागत नाही. पुढच्या सहा पुस्तकांतही लागली नसेल. नळ्या इतक्या गरम होत्या की पायावरच सुकली. पाच वाजता कपड्यांच्या मदरनी दार उघडलं तेव्हा मी म्हणाले, "बाबा कुठे?" त्या म्हणाल्या, गेले चारला. मला वाटलं आता त्यांची लपायची पाळी. मी जिन्याखाली बघितलं, चॅपलमध्ये बघितलं, घंटेच्या दोरीमागे बघितलं. ओल्या चादरीबद्दल हातावर पट्ट्या बसल्या त्या नंतर. 'आत छान ऊब होती' असं मी कुणाला म्हटलं नाही. ते तू मला म्हणायला लावलंस.

मग बाबा बोटीवर गेले आणि बोट त्यांच्याशिवाय परत आली. तापाने गेले असं सांगितलं. मी बराच काळ मानलं नाही. मोठे लोक डाव लांबवतात.

तुझं खोटं मला दहाव्या वर्षी कळलं. तुझ्या डेस्कमध्ये रबर शोधत होते. बाबांचं शेवटचं पत्र सापडलं, तुझ्या नावाचं. त्यात होतं, धाकटीचा गोवर उतरला का? मला गोवर कधी झालाच नाही. मी पत्र होतं तसं घडी करून ठेवलं आणि रबर तुझ्याकडेच मागितलं.

त्रेपन्न वर्षं झाली. हे माझ्या लेकीला सांगितलं तर ती मला चाळीसपैकी पन्नास देईल.

मला तुझी माफी नको. तू माफीसुद्धा छान लिहिशील आणि मला ती वाचवणार नाही. तुझी पुस्तकं मी घरात आणली नाहीत ती मत्सराने नव्हे. पहिलं वाचलं होतं, दुकानात उभ्याने. मला किळस आली. माझा खेळ घेऊन त्याचं धैर्य केलंस आणि बाबांना गोष्टीतून काढूनच टाकलंस. चिमटीला भेटायला त्या दिवशी कुणी येतच नाही.

मला एकच हवं आहे. बाबा दोन ते चार तिथे होते. ती दुपार तुझ्याकडे आख्खी आहे. त्यातली अर्धी माझी. बाबा काय म्हणाले, कुठे बसले, काय घातलं होतं, ते जसं होतं तसं लिहून पाठव. सजवायचं नाही. उपमा घातलीस तर पत्र परत करीन.

धाकटी

ता. क. पत्र टेबलावर ठेवून मी चहाला गेले होते. लेक इथेच बसली होती. वाचलं नाही म्हणते. नाक लाल झालंय.

१९ जुलै

धाकटे,

चौदा दिवस लागले. सजवलेले तीन कागद फाडले. तू बजावलं नसतंस तर चौथाही सजवला असता. आयुष्यभर तेवढंच केलं.

त्यांनी करड्या रंगाचा कोट घातला होता. डाव्या कोपरावर ठिगळ होतं, आईने लावलेलं, आणि ते आता सुटायला आलं होतं. भेटीच्या खोलीत खिडकीखालच्या बाकावर बसले. कोपऱ्यात म्हाताऱ्या मदर विणत होत्या. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "दुसरी कुठे आहे?" मी म्हणाले, गोवर आलाय, आजाऱ्यांच्या खोलीत आहे. ते लगेच उठले. मी म्हणाले, गोवर लागतो, मग तुम्हांला बोटीवर घेणार नाहीत. हे मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं. अकराव्या वर्षी माझी अक्कल एवढी चालत होती. मदरना कमी ऐकू यायचं, तेही मी हिशेबात धरलं होतं.

बाबा परत बसले. माझ्या पेन्सिली त्यांनी चाकूने तासून दिल्या, सगळ्या, नऊ होत्या. टरफलं रुमालात गोळा केली. बोटीवरच्या आचाऱ्याची गोष्ट सांगितली, तो पक्ष्यांना पाव घालायचा आणि खलाशांवर ओरडायचा. मला ओरडण्याची नक्कल करून दाखवली, मदर दचकल्या. मग म्हणाले, "ही धाकटीला सांग, तिला आवडेल." मी हो म्हणाले. सांगितली नाही. मग ते माझ्याबरोबर बागेत चालले. हात धरला होता. तुझ्याबद्दल पुन्हा विचारलं, जेवते का नीट, आणि ती अजून उजव्या कुशीवर झोपते का. मला माहीत नव्हतं. मी हो म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी रागावले आणि म्हणाले, "मी पण आहे ना." ते म्हणाले, "हो गं, तू पण आहेस." आणि मग चारपर्यंत तुझं नाव काढलं नाही. हे मी केलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी टपालाने पाठवला म्हणून मी तुला दिला तो निळा कंगवा टपालाने आला नव्हता. त्यांनी कोटाच्या खिशातून काढून दिला होता.

कडी मी लावली. तू मधेच धावत आलीस तर, म्हणून. आणि पाचपर्यंत काढायला आले नाही, कारण ते गेल्यावर मी पेन्सिली मांडून बसले होते. मी तुला विसरले नव्हते. मला उठायचं नव्हतं. तुझ्या लेकीच्या तक्त्यात याला काय म्हणतात ते तिने सांगावं. मी सात पुस्तकांत याला काही म्हटलं नाही. माझ्या जन्मातली सगळ्यांत सुखाची दुपार ती होती, आणि हे लिहिण्याऐवजी मी तुझ्या तोंडी ऊब घातली.

आवृत्ती थांबवली आहे. प्रकाशक म्हणाले, वाचकांना चिमटी जशी आहे तशीच हवी असते. मी म्हटलं, वाचकांना हवी तशीच मी आजवर दिली. तिसरं प्रकरण काढून टाकते आहे. नवीन लिहिणार नाही. ते लिहायचा हक्क माझा नाही. भाजलेल्या हाताची ती मुलगी कुठे राहते ते लेकीला विचार. तिला जाऊन सांगायचं आहे की चिमटी खोटं बोलत होती. तिच्या पुस्तकावर माझी सही आहे, तेव्हा मीच सांगितलं पाहिजे.

आता राहिलं चार वाजताचं.

घंटा झाली तेव्हा बाबा फाटकाशी गेले, आणि परत वळून मला म्हणाले, "तिची खिडकी कुठली?" आजाऱ्यांच्या खोलीला त्या बाजूला खिडकीच नव्हती. मी वर बोट केलं, दुसऱ्या मजल्यावर, संगीताच्या वर्गाकडे. काचा बंद होत्या. बाबा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, टोपी काढली आणि त्या खिडकीकडे बघून हात हलवत राहिले. बरीच गाडीवाली माणसं त्यांच्या बाजूने गेली. मी म्हणाले, बाबा, ती झोपली असेल. ते म्हणाले, "असू दे, जागी झाली तर?" आणि आणखी थोडा वेळ हलवला.

तो हात तुला होता.

ताई